करिजाने गाळलेलं वाक्य

सोमाबुगूच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली, त्या पहिल्याच आठवड्यात करिजा मिलोगो माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चार वर्षांचा लासिना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पोराला झटके यायला लागले तेव्हा तिची सासू म्हणाली, हा पक्ष्याचा आजार आहे, घरावरून पक्षी उडाला की पोरांना होतो. तीन दिवस वैद्याकडे पाला जाळणं झालं. चौथ्या दिवशी तिने पोराला दवाखान्यात आणलं. माझ्या आधीच्या नर्सने कपाळाला हात लावून पाहिला आणि हिवताप आहे, उशीर केलात, एवढंच तिला सांगितलं.

तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. म्हणाली, "कितव्या दिवशी आणलं असतं तर उशीर झाला नसता?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पहिल्या."

तिने मान हलवली आणि निघून गेली. पुढच्या सोमवारी पंधरा-वीस बायकांना घेऊन आली आणि मला म्हणाली, मला सांगितलंस ते यांना सांग. मी सांगायला लागलो, पण मी गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीचा, आणि जूला ही इथल्या बाजाराची भाषा. माझं जूला ऐकून बायका हसायला लागल्या. मग ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी बोललेलं एकेक वाक्य तिने त्यांच्या तोंडच्या भाषेत फिरवून सांगितलं. मी ताप म्हटलं तर ती म्हणायची, पोराचं डोकं चुलीवरच्या मडक्यासारखं लागलं की. मी डास म्हटलं की ती मादी डास म्हणायची, कारण चावते ती मादीच, हे ती माझ्याकडूनच शिकली होती आणि शिकलेली गोष्ट अर्धवट सांगणं तिला आवडायचं नाही.

करिजा बोबो जमातीची, आणि आमच्याकडे बोबो आणि फुलानी यांचं नातं चेष्टेचं. एकमेकांना कितीही घालूनपाडून बोललं तरी कुणी रागवायचं नाही, असा पूर्वापार नियम आहे. त्यामुळे आमची मैत्री शिव्यांनीच वाढली. ती मला म्हणायची, "तुम्हा फुलान्यांना गाय सोडून कुणाचं दुःख कळतं का रे?" मी म्हणायचो, "गाय निदान बाजरीची दारू पिऊन अंगणात लोळत नाही." तिचा नवरा बाकारी कापसाच्या शेतात राबणारा, अबोल माणूस. तोही या बोलण्यावर हसायचा. लासिना गेल्यानंतर त्या घरात हसू परत आलं ते बहुतेक या शिव्यांमुळेच.

दोन वर्षांनी शहरातल्या संशोधन संस्थेची गाडी गावात आली. त्यांचे मुख्य होते डॉक्टर झोंगो, डासांचा अभ्यास करणारे, सडपातळ, पन्नाशीचे. ते मोसी जमातीचे, जूला त्यांना चार-दोन शब्दांपलीकडे यायचं नाही. गावात फ्रेंच आणि जूला दोन्ही नीट येणारी, दहावीपर्यंत शिकलेली एकच बाई होती. त्यांनी करिजाला कामावर घेतलं.

काम साधं नव्हतं. संस्थेने प्रयोगशाळेत असे नर डास तयार केले होते की त्यांच्यापासून माद्यांना पिल्लं होणार नाहीत. ते गावात सोडायचे, मग जाळीने पकडून मोजायचे, किती जगतात, किती लांब जातात ते बघायचं. एवढ्याने हिवताप कमी होणार नव्हता, हे झोंगोंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ही पायरी होती. पुढे कधीतरी असे डास येणार होते की त्यांच्यातला बदल पिल्लांत, पिल्लांच्या पिल्लांत उतरत जाईल आणि ही चावणारी जातच हळूहळू विरळ होईल. ते एकदा सोडले की परत बोलावता येणार नाहीत. म्हणून आधी ही साधी पायरी, आणि तीसुद्धा गावाने हो म्हटलं तरच.

करिजा शब्द शोधत गावभर फिरली. जनुकाला तिने शेवटी रक्तातलं बियाणं म्हणायचं ठरवलं. पण ते बियाणं बदललंय हे कसं सांगायचं? लोकांच्या तोंडी पहिला शब्द यायचा तो बिघडवलंय असा. महिनाभर ती त्या एका शब्दाशी झगडली. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तेलासाठी शिया फळांच्या बिया फोडता फोडता म्हणायची, "बिघडवलं म्हटलं की नाही म्हणतात. सुधारलं म्हटलं की हो म्हणतात. दोन्ही खोटं आहे रे फुलान्या." शेवटी तिने दुसऱ्या हाताने पेरलेलं, असं काहीतरी शोधून काढलं. पुरुषांनी त्यावर चावट विनोद केले, पण अर्थ पोचला.

मग गावाची बैठक झाली. आंब्याखाली मांडव घातला होता. पुढे म्हातारे, मागे पुरुष, त्यांच्याही मागे उन्हात बायका. जमिनीचे मानकरी सिबिरी आजोबा मधोमध लाकडी बाकावर. जमिनीच्या देवाची पूजा त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांच्या शब्दाशिवाय गावात विहीरही खणत नाहीत. बैठक तीन तास चालली. आजोबांनी विचारलं, हे डास शेजारच्या सिनिकोरोला जाणार नाहीत, असं कुणी डासांना बजावलंय का? सगळे हसले. झोंगोही हसले आणि म्हणाले, ते थोडेच दिवस जगतात, फार लांब जात नाहीत, पण एकही जाणार नाही असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर झोंगोंनी फ्रेंचमध्ये जे सांगितलं ते मी शब्दन्शब्द ऐकलं, कारण मी तिथेच दुसऱ्या रांगेत बसलो होतो. ते म्हणाले, नर आणि माद्या हाताने निवडून वेगळे करतात आणि त्यात चूक होते. हजारात पाच-सात माद्या राहून जातील. त्या चावू शकतात. चावल्यावर काही अपाय होईल असं वाटायला आमच्याकडे कारण नाही, पण प्रत्यक्ष माणसांवर हे अजून कुणी तपासलेलं नाही.

करिजाने पुढे बसलेल्यांकडे पाहिलं. म्हातारे चुळबुळत होते. कुणीतरी नमाजाची वेळ झाल्याचं सांगत होतं. मग ती जूलात म्हणाली, "सगळे नर आहेत. नर चावत नाहीत."

झोंगोंना वाटलं, तिने नेहमीप्रमाणे थोडक्यात आणि नीट सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, हजारात पाच-सात म्हणजे काय, गावात रोज लाखो डास चावतात. मी गप्प बसलो. अर्ध्या तासात आजोबांनी होकार दिला. कागदावर त्यांचा अंगठा उठला.

पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी डास सोडले. ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर हिरवी भुकटी मारली होती. खोकी उघडली तेव्हा पोरंटोरं नाचत होती, आणि करिजा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. घरातल्या फाटक्या मच्छरदाण्या तिने शिवून घेतल्या. सकाळी आपल्या मुलींचे दंड, पोटऱ्या उलटसुलट करून बघायची. एकदा थोरल्या मुलीला ओढत माझ्याकडे आणलं आणि मनगटावरचा फोड दाखवून विचारलं, "याच्याभोवती हिरवं दिसतंय का बघ."

मी म्हटलं, "साधा डास चावलाय. आता शिव्या देऊ का नको?"

ती हसली नाही. तिने त्या दिवशी मला फुलान्यासुद्धा म्हटलं नाही. मका-बाजरीचा शिजवलेला गोळा समोर आला तरी दोन घास खाऊन उठते, असं बाकारी मला सांगून गेला. मी तिला हिवतापाची तपासणी करायला लावली. काही निघालं नाही.

चार महिन्यांनी असेतूची गोष्ट सुरू झाली. असेतू म्हणजे बाकारीच्या मोठ्या भावाची सून. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नव्हतं. डास सोडले तेव्हा लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं आणि तेव्हाही मूल नव्हतंच, पण हे कुणी ध्यानात घेईना. तिची सासू विहिरीवर म्हणाली, वांझ डास चावला म्हणून माझी सून वांझ झाली. आठवड्याभरात ते बाजारात गेलं. दुसऱ्या आठवड्यात दोन बायका माझ्याकडे येऊन चाचपत विचारून गेल्या की, यावर काही औषध आहे का.

करिजा घरोघर फिरून समजावत होती. पण एके दुपारी असेतू स्वतःच तिच्याकडे आली. ते मला करिजाने नंतर सांगितलं. पोरगी ओट्यावर बसून रडली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं होतंत की सगळे नर आहेत. मला एकदा परत सांगा. एकही मादी नव्हती ना? तुम्ही म्हणालात की मी सासूच्या तोंडावर सांगेन. सगळं गाव तुमचं ऐकतं."

  करिजा म्हणाली, उद्या सांगते, आणि तशीच उठून माझ्याकडे आली.

दवाखान्यात कुणी नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, "त्या दिवशी तू होतास. तुला फ्रेंच येतं."

"होतो."

"मग बोलला का नाहीस?"

मी म्हटलं, बारीकशी गोष्ट होती, म्हणून.

"मीही मनाला तेच सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हापासून तेच सांगतेय. लासिनाचं तोंड डोळ्यासमोर होतं रे. वाटलं, हे म्हातारे एका मादीवरून नाही म्हणतील आणि गाडी परत जाईल. आता ती पोरगी माझ्या शब्दावर उभी आहे, आणि शब्दच पोकळ आहे."

मी तिला सांगितलं की, असेतूला डासामुळे काही झालेलं नाही, हे मी लिहून देतो. ती म्हणाली, ते मलाही माहीत आहे. पण मी गावाला विचारलंच नव्हतं ना. विचारल्यासारखं केलं होतं.

सगळं गावासमोर सांगायचं तिने ठरवलं, पण बाकारीचा याला पूर्ण विरोध होता. त्याने तिला एवढंच म्हटलं की, न सांगून कुणाचा जीव जाणार आहे? सांगितलंस तर आपल्याला इथे पाणी कोण भरू देईल? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल भरलं आणि मला म्हणाला, तिला शहरात नेऊन आण, माझ्याने तिथे उभं राहवणार नाही.

झोंगोंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं वर्षभराचं काम त्या एका वाक्यात अडकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "मला तुमची भाषा येत नाही म्हणून मी माझं सगळं बोलणं तुमच्या हवाली केलं होतं, बाई."  चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले की, बैठक पुन्हा घ्यावी लागेल, आणि मला जूला न समजणं हाही माझाच दोष आहे, मी दुसरा माणूस ठेवायला हवा होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी करिजा आधी असेतूकडे गेली. तिला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं, असं ती म्हणते. पोरगी रागावली नाही. फक्त उठून आत गेली.

बैठकीत या वेळी बायका मागे बसल्या नाहीत. बाजूच्या सावलीत ऐसपैस येऊन बसल्या आणि त्यांना कुणी हटकलं नाही. करिजा उभी राहिली. तिने आधी झोंगोंचं ते वाक्य पुरं सांगितलं, हजारात पाच-सात माद्या इथपासून अजून कुणी तपासलेलं नाही इथपर्यंत. मग म्हणाली, "हे मला त्या दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

 असेतूची सासू ओरडायला लागली, तिला बायकांनी धरलं. मीही उभा राहिलो आणि म्हणालो की, मला फ्रेंच कळतं, मी ऐकलं होतं आणि गप्प बसलो. 

सिबिरी आजोबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. "फुलानी गप्प बसला याचं मला नवल नाही. तो नोकरीला आलाय, उद्या जाईल." एरवी यावर हशा झाला असता. कुणी हसलं नाही. मग ते करिजाकडे वळले. "का गाळलंस, पोरी?"

"तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, आजोबा. माझा मुलगा गेला होता."

"आमची पोरं गेली नाहीत? माझी तीन गेली." म्हाताऱ्याने काठी तिच्याकडे रोखली. "त्या शहरातल्या माणसाने नाही म्हणायची मुभा आम्हाला ठेवली होती. ती तू घेतलीस. घरच्या माणसाने घेतलीस."

ती खाली बसली. 

दुपार कलेपर्यंत गावाने ठरवलं. सोडलेले डास कधीच मेले होते, त्यांचं काही करता येत नव्हतं. पकडून ठेवलेल्या डासांची मोजणी पुरी करायला हरकत नाही, पण पुढची पायरी गावाला पुन्हा विचारल्याशिवाय नाही, आणि बायकांना वेगळं विचारल्याशिवाय नाही, आणि सिनिकोरोलाही विचारल्याशिवाय नाही, कारण डासाला शीव कळत नाही, हे आजोबांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. करिजाने जमिनीच्या देवाला एक बकरा आणि दोन पांढऱ्या कोंबड्या द्यायच्या. माझ्यावरही एक कोंबडी बसली. मी मुसलमान, पण निमूट दिली.

संस्थेने तिला कामावरून कमी केलं. पूर्ण उन्हाळा विहिरीवर तिच्याशी कुणी बोललं नाही. ती आली की बायका दोरी तिच्या हातात द्यायच्या आणि बाजूला व्हायच्या. असेतू आणि तिचा नवरा सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यावर कामाला निघून गेले. जाण्याआधी मी दोघांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली होती, ते गेले की नाही ठाऊक नाही. त्या पोरीची खबर करिजा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते.

पुढच्या वर्षी संस्थेने शहरातून एक तरुण दुभाषी पाठवला. एक बैठक झाली आणि आजोबांनी झोंगोंना निरोप पाठवला की, आमची बाई परत द्या. झोंगोंना आश्चर्य वाटलं. आजोबा म्हणाले, "हा काय गाळतो ते आम्हाला कसं कळणार? हिचं निदान माहीत झालंय." पण अट घातली की, तिच्या शेजारी दुसरं कुणीतरी उभं राहील आणि ती चुकली की तिथल्या तिथे टोकेल. दुसरं कुणीतरी म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या वेळी गप्प बसलास तर कोंबडी नाही, गाय घेऊ." यावर मात्र गाव हसलं.

असे आम्ही दोघं सिनिकोरोला गेलो. या वेळी बोलणं पुढच्या डासांचं होतं, पिढ्यान्पिढ्या बदल नेणाऱ्या. ते अजून प्रयोगशाळेतही पुरते तयार नव्हते, पण विचारायला आत्ताच सुरुवात करायची असं ठरलं होतं.  रस्ताभर करिजा वाक्यं पुटपुटत होती. बैठकीत तिने इतकं सावकाश, इतकं सगळं सांगितलं की दोनदा लोकांनीच तिला आवरतं घ्यायला सांगितलं. तिने घेतलं नाही. मला एकदाच टोकावं लागलं, तेही एका आकड्यावरून.

शेवटी एक म्हातारी उठली. म्हणाली, "तुमचं चुकलं, आणि हे डास सगळीकडे झाले, तर आम्ही कुणाच्या दारात यायचं?"

करिजाने झोंगोंना विचारलं. झोंगो म्हणाले, संस्थेकडे, सरकारकडे. तिने ते सांगितलं. मग म्हणाली, "हे त्यांचं उत्तर झालं. ती दारं लांब आहेत, आजी. माझं घर सोमाबुगूत शाळेच्या मागे आहे. पण मी तरी काय करू शकेन, ते मला माहीत नाही."

सिनिकोरोने नाही म्हटलं. झोंगोंनी ते वहीत लिहून घेतलं, आभार मानले आणि आम्ही परतलो. त्या पावसाळ्यात सिनिकोरोची दोन पोरं माझ्या दवाखान्यात हिवतापाने गेली. करिजा दोन्ही वेळा आली होती, आयांना धरून बसली होती. नंतर बाहेर येऊन मला म्हणाली, "खरं सांगितलं म्हणून ही गेली का रे?"

मी म्हटलं, नाही, ते डास अजून कुठेच नाहीत, ते हो म्हणाले असते तरी ही पोरं वाचली नसती.

"हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण पुढची?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही.  तिने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि घरी गेली.

गेल्या महिन्यात सिनिकोरोहून तिला बोलावणं आलं. संस्थेला नाही, तिला एकटीला, आणि तेही बायकांकडून. त्यांना अजून काही विचारायचं होतं. आदल्या दिवशी ती काहीच जेवली नाही, मुलींवर उगाच डाफरली, दवाखान्यात येऊन तीच ती वाक्यं माझ्याकडून तपासून घेतली. सकाळी बाकारीने तिला मोटारसायकलवर बसवून नेलं. दिवसभर ती तिथे होती. परतली तेव्हा तिचा घसा बसला होता. काय ठरलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, अजून काही नाही, त्यांना पिकं निघेपर्यंत विचार करायचाय, आणि त्यांचे अकरा प्रश्न आहेत, त्यातल्या चारांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते चार मी लिहून घेतलेत.